पहिल्या भागावरचं मत

"खोटं," आई म्हणाली आणि तिने रिमोट मांडीवर उपडा ठेवला.

मुलीने वही उघडली. "काय खोटं ते सांग. नुसतं 'खोटं' पेपरवाले छापत नाहीत."

"हा पोलीस तीन दिवस घरी गेला नाही म्हणतो. मग शर्टाला इस्त्री कोण करतंय?"

मुलीने लिहून घेतलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेऊन तिचेच डोळे चुरचुरत होते.

सहा महिने हे चाललं होतं. नवी मालिका सुरू झाली की आई पहिला भाग बघायची आणि मुलगी तिचं मत लिहून रविवारच्या पुरवणीला पाठवायची. आईने तीस वर्षं दवाखान्यात चादरी धुतल्या होत्या. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. घरात दोघीच. वडील मुलीला आठवतही नव्हते. संध्याकाळी बोलायला काही विषय हवा म्हणून मुलीनेच हा उद्योग काढला होता. आता तिला त्याचा कंटाळा आला होता, पण सांगणार कसं? आईला तेवढाच विरंगुळा. खालचा औषधवाला तर आईला 'परीक्षक' म्हणायला लागला होता.

गाण्याच्या स्पर्धेबद्दल आईचं मत होतं, "गाणाऱ्यांपेक्षा ऐकणारेच जास्त रडतात." विनोदी मालिकेबद्दल, "हसण्याचा आवाज त्यांनीच घातलाय, मग आपण कशाला कष्ट घ्यायचे?"

सोमवारी आणखी एक मालिका सुरू झाली. पहिल्याच प्रसंगात एक तरुण बाई दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर तान्हं बाळ ठेवते. हंबरडा फोडते, निघते, वळून बघते, धावत परत येते, बाळाचे मुके घेते. व्हायोलिनं वाजत राहतात.

 जाहिराती लागल्या तरी आईने रिमोट उपडा ठेवला नव्हता.

"झोप लागली का गं?" मुलीने विचारलं.

"रडत नाही ती," आई म्हणाली. "चपला काढून हातात घेते, आवाज होऊ नये म्हणून. आणि वळून बघत नाही. वळून बघितलं की जाता येत नाही."

मुलीने जांभई देत शब्दन् शब्द उतरवला. रविवारी ते छापूनही आलं, चौकटीत.

पुढच्या रविवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. डोक्यावर पांढरे केस दिसू लागलेले, हातात पुरवणीचं कात्रण. त्या मालिकेचा लेखक आपणच, असं त्याने सांगितलं. पत्ता पेपरच्या कचेरीतून मिळवला होता.

मुलगी ओशाळली. "आईचं बोलणं मनावर घेऊ नका हो. ती कुणालाच सोडत नाही."

"रागावून नाही आलो," तो म्हणाला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला. "तो प्रसंग मी मनाने रचलेला नाही. त्या बाकावर मलाच सोडलं होतं. अनाथाश्रमात वाढलो. मोठा झाल्यावर दवाखान्याच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला शोधून काढलं. त्याने एका बाईला चपला हातात घेऊन फाटकातून जाताना पाहिलं होतं. मी ते लिहिलं होतं, पण दिग्दर्शक म्हणाला, लोकांना पटणार नाही. म्हणून काढून टाकलं." त्याने कात्रण टीपॉयवर ठेवलं. "ते खरंच तसं घडलं होतं, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो पहारेकरीही गेला आता."

तो आईकडे बघत होता. आई बंद टीव्हीकडे.

 एवढ्या वर्षांत आईने स्वतःच्या तरुणपणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने कधी विचारलंही नव्हतं.

"मला काही नको," तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, एकच वाक्य फार वर्षं पाठ केल्यासारखा. "भांडायलाही आलो नाही. का सोडलंत, एवढंच सांगा."

आई रिमोटची बटणं चाचपत राहिली.

"कधीची गोष्ट ही?" मुलीने विचारलं.

त्याने साल सांगितलं, महिना सांगितला.

मुलीने मोठा श्वास सोडला. तिला हसूच आलं. "अहो, मग तुमची गफलत झालीय. त्या साली, त्याच महिन्यात माझा जन्म झालाय. आई तुमची आई असेलच कशी?"

त्याने मनाशी हिशेब केला. त्याचे खांदे उतरले. "हो," तो म्हणाला. "तसं असेल तर मग नाहीच." तो उठला. कात्रण उचलायचंही त्याला सुचलं नाही. "माफ करा. तुमचा रविवार वाया घालवला."

"पाणी तरी घ्या," मुलगी म्हणाली. आता तिला त्याची कीव येत होती.

"बस," आई म्हणाली.

तो दारातच थबकला.

"मी जिन्यात होते. मळक्या चादरी खाली नेत होते. तिथून दिसली ती मला."

तो परत येऊन बसला. "तुम्ही पाहिलंत तिला? कशी होती?"

"तोंड नाही दिसलं. पाठमोरीच दिसली."

"आणि मी? मी रडत होतो?"

"नाही. झोपला होतास."

"मग उचललं का नाहीत मला?" तो एकदम लहान पोरासारखा म्हणाला. "कुणीतरी उचलायचं ना!"

आईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"बाकावर तुम्ही दोघं होतात," ती म्हणाली. "चादरींच्या गठ्ठ्यात एकच मावलं."