अख्खं कोहळं

वाघिणीनं माणिकबाईला खाल्लं. पण ते असू द्या, तसं काही झालंच नाही.

लेकीकडे जाताना रानात माणिकबाईनं वाघिणीला शब्द दिला होता, "लेकीकडून जाडजूड होऊन येतो, मंग खा मले." महिन्यानं ती लेकीच्या वाडीतल्या भल्यामोठ्या कोहळ्यात बसून अंजनगावाहून गडगडत निघाली. रानात वाघिणीनं कोहळं अडवलं, हुंगलं आणि पंजा उचलला.

"अवं बाई!" आतून माणिकबाई ओरडली. "अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईमाणसानं घालू नाही. मायनं शिकवलं नाही काय तुले?"

वाघिणीचा पंजा वरच थांबला. माय तिलाही होती.

"मंग कोन घालन?"

"तुह्या मालकाले बोलाव."

"तो कुठं घरी राह्यते!"

तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या डेप्युटी कमिशनर साहेबांच्या टेबलावर अर्ज आला.



"अर्जदार वाघीण असून नवरा पातूरच्या रानात परागंदा आहे. आतील बाई कोहळं खाऊन रोज आणखी जाड होत आहे, ते पाहवत नाही. तरी मेहेरबान सरकारांनी पहिला घाव घालण्यापुरता एक पुरुष शिपाई पाठवावा. शिपाई परत मिळण्याची हमी देता येत नाही."