आबांचा कापूस

तीस वर्षांपूर्वी शमुवेलच्या बँडनं कोल्हापुरातल्या चर्चमध्ये येशूची गाणी पहिल्यांदा ड्रम बडवून म्हटली, तेव्हा निम्मी मंडळी उठून गेली. दानिएल आबा मात्र पहिल्या बाकावरून हलले नाहीत. कानांत कापूस कोंबून, डोळे वटारून बसले. पुढं चर्चच्या प्रत्येक वर्धापनदिनाला तसंच. गर्दी आटत गेली तशी बँडनं चाल बदलली. आधी ड्रम गेले, मग इलेक्ट्रिक गिटार गेली, शेवटी पेटी आली. आजच्या वर्धापनदिनाला गाताना शमुवेलला आबांचे कान मोकळे दिसले. तो खाली येऊन शेजारी बसल्यावर आबा म्हणाले, “लई ग्वाड वाजिवलासा. कापूस लागलाच न्हाय की!” “व्हय,” तो म्हणाला. या कौतुकाचं त्याला काहीच वाटलं नाही. मग तरुण संघाची पोरं स्टेजवर चढली. पहिल्याच ठोक्याला खिडक्या थरथरल्या. आबांनी खिशातला कापूस मधोमध फाडला, अर्धा शमुवेलपुढं धरला. शमुवेलनं तो घेतला.