बीपीचं मशीन

माझी बायको तारामती गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी तिचं बीपीचं मशीन मी सेलसकट कपाटात ठेवून दिलं. परवा डॉक्टरांनी मलाच रोज बीपी बघायला सांगितलं, म्हणून ते काढलं. आत सेल पाझरले होते. स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर बसला होता. कापसाने लिंबाचा रस लावून मी तो पुसत बसलो.

"अण्णा, मशीनला सरबत पाजून राहिलात का?" मुलगी सुकन्या म्हणाली.

नवे सेल घालून बटण दाबलं. तारामतीचा शेवटचा आकडा आला. एकशे साठ, शंभर.

"चालू झालं की. आणा दंड इकडं."

"यात एकच आकडा राहतो, बाई. नवा आला की जुना जातो."

सुकन्याने पट्टा हातातच धरून ठेवला.

माझं बीपी अजून बघितलेलं नाही.