रिंग वाजत होती

केबल कंपनीचा माणूस दारात बूट काढत होता, तेवढ्यातच तात्यांनी त्याला गाठलं. काल रात्रभर फोन बंद होता, हे आधी माझ्या बहिणीसमोर कबूल करा, मग आत या, असं त्यांनी त्याला सुनावलं. तो बिचारा एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला.

बहीण, त्यांची ताई, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी. इस्पितळातून आणल्यापासून ताई भावजयीशी बोलली होती, विचारपूस करायला आलेल्या शेजाऱ्यांशी बोलली होती. तात्यांशी मात्र एक अक्षर नाही.

ताई एकटी राहायची. काल रात्री ती आपल्या स्वयंपाकघरात घसरून पडली. डाव्या हाताने वायर ओढून तिने फोन खाली पाडला आणि तोंडपाठ असलेला एकच नंबर फिरवला, धाकट्या भावाचा, तात्यांचा. रिंग वाजत राहिली. तिने ठेवला, पुन्हा फिरवला. सकाळी कचरा न्यायला आलेल्या बाईने तिची हाक ऐकली, तोवर ती फरशीवरच होती.

तात्या घरातच होते. बातम्या संपल्यावर टीव्ही बंद करून फोनशेजारीच वाचत पडले होते आणि त्यांना एकदाही रिंग ऐकू आली नव्हती. एरवी ताईने हे लगेच मानलं असतं. पण गेल्याच आठवड्यात तात्यांनी तिला आमच्याकडे राहायला ये म्हणून गळ घातली होती. तिने साफ नकार दिला. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, तात्या बोलून गेले होते, "मग उद्या पडलीस-झडलीस तर मला फोन करू नकोस."

केबलवाल्याने खिशातून मोबाइल काढून घरचा नंबर लावला. टीव्हीशेजारच्या स्टुलावरचा फोन खणखणीत वाजला. फोनला काही झालेलं नाही, काका, असं तो म्हणाला आणि तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी खोटं बोलतोय का, माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन मी उचलला नाही का, असं ते एवढ्या जोरात विचारू लागले की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ताई खिडकीबाहेर बघत होती.

केबलवाला टीव्हीमागे वाकला. फोनची वायर ज्या लहानशा डब्यात जात होती, तो डबा आणि टीव्ही एकाच बटणावर होते. रात्री हे बटण कोण बंद करतं, असं त्याने विचारलं.

"हे करतात," बायको म्हणाली. "आमच्याकडचे बटणबहाद्दर. बातम्या संपल्या की टीव्हीचं, मग झोपायच्या आधी घरभर फिरून एकूण एक बटण बंद करतात. सकाळी मी चालू करते."

वीज वाया घालवायची नाही, ही शिस्त तात्यांना लहानपणी ताईनेच लावली होती. ते त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं.

डबा बंद तर फोन बंद, असं केबलवाल्याने सांगितलं. मग तर तात्यांच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो थांबेना. जुना फोन काढून केबलवरचा घ्या म्हणताना तुमचा विकणारा इथे याच खुर्चीत बसून म्हणाला होता, नंबर तोच, फोन तोच, काहीसुद्धा बदलत नाही. बटणाचं एका शब्दाने बोलला नाही. जुना फोन घरातली वीज गेली तरी वाजायचा, हे त्याला माहीत नव्हतं का? केबलवाला मान खाली घालून म्हणाला, सांगायला हवं होतं.

"आणि फोन बंद होता तर हिला रिंग कशी ऐकू आली?"

"ती आमच्या मशीनची रिंग, काका. डबा बंद असला तरी फोन करणाऱ्याला वाजतोय असंच ऐकू येतं."

"म्हणजे ही फरशीवर पडलेली आणि तुमची कंपनी रात्रभर हिला खोटं सांगत होती. बंद आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं? हिने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं."

तात्या बहिणीकडे वळले. ऐकलंस ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. ताईने मान खिडकीकडेच ठेवली. तेव्हा ते केबलवाल्यावरच खेकसले, तिला करून दाखवा. आणि न बघताच त्यांचा हात टीव्हीमागे गेला, अंगठ्याने बटण बंद केलं. डब्यावरचा हिरवा दिवा विझला.

केबलवाल्याने पुन्हा नंबर लावून मोबाइल ताईपुढे धरला. तिने नको म्हणून मान हलवली.

"त्याला द्या."

तात्यांनी मोबाइल कानाला लावला. रिंग वाजत होती. स्वच्छ, एका लयीत, अगदी पलीकडे कुणीतरी उठून फोनकडे यायला निघालं असावं तशी. समोर स्टुलावरचा फोन मुका पडला होता. कंपनीला घालायच्या शिव्या अजून जिभेवर होत्या. पण ती रिंग ऐकवेना, म्हणून त्यांनी मोबाइल कानापासून दूर केला.

"ठेवू नकोस एवढ्यात," ताई म्हणाली. "थांब जरा. उचलेल तो."