चुकणारी

“एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?” शिकाऊ मास्तरणीनं विचारलं आणि वर्गावरून नजर फिरवली. एकही हात वर झाला नाही. खिडकीजवळची बारकी तेवढी सावरून बसली.

“घाबरू नकोस. मनात येईल ते सांग.”

बारकी उठली. हनुवटीला बोट लावून तिनं विचार केला. “एक चतुर्थांश. कारण तिनापेक्षा चार मोठे.”

“वा, छान प्रयत्न!” मास्तरणीनं दोन कागदी पट्ट्या उचलल्या. एकीचे तीन सारखे भाग होते, दुसरीचे चार. दोन्हींतला एकेक भाग तिनं शेजारी शेजारी धरला. “आता बघ बरं.”

“अय्या, खरंच की! तृतीयांश मोठा!”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर पाठ तपासायला बसलेल्या अध्यापक कॉलेजच्या बाईंनी हळूच डोळे टिपले.

मास्तर-मास्तरणी घडवण्यात बाईंचे केस पिकले होते. ज्या पाठात एकही मूल चुकलं नाही तो पाठच नव्हे, असं त्या प्रत्येक तुकडीला बजावायच्या. चुकलेल्या मुलावर खेकसायचं नाही, त्याला हसायचं नाही, त्याचा हात धरून उत्तरापर्यंत न्यायचं. हे नुसतं सांगून होत नाही म्हणून कॉलेजच्या कमिटीशी भांडभांड भांडून त्यांनी सराव पाठात त्याला वेगळे गुण ठेवून घेतले होते. आणि ही बारकी तर त्यांची फार लाडकी. किती निर्मळपणे चुकते पोर, असं त्या घरीसुद्धा सांगायच्या.

तास संपला. बाहेर बारकीची आई फरशी पुसत होती. शाळेची झाडलोट तिच्याकडेच होती. बाई दिसल्या तशी ती उठून उभी राहिली.

“बाई, एक सांगायचं होतं. पुढच्या वर्षी हिला शाळेत नाही पाठवत मी. माझ्या धाकट्या जावेला बाळ झालंय, त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच आहे.”

“अहो, पण का?”

“रोज ऐकते ना मी, पुसता पुसता. दर वेळी हीच उभी राहते आणि दर वेळी चुकते. तुम्ही गोड बोलता, तो तुमचा चांगुलपणा. पण डोकंच नाही त्याला काय करायचं? चारचौघांत किती दिवस शोभा करून घ्यायची?”

“छे हो, मावशी!” मागून पट्ट्या गोळा करत आलेली मास्तरीण बोलून गेली. “बारकी तर वर्गात सगळ्यांत हुशार!” आणि मग तिनं जीभ चावली.

बाई वळल्या. “म्हणजे काय?”

“बाई, रागावू नका. चुकणाऱ्या मुलाला सांभाळण्याचे गुण आहेत ना, म्हणून आम्ही सगळ्याजणी हिलाच ठरवतो. ‘घाबरू नकोस’ म्हटलं की हिनं उठून चुकायचं. खऱ्या ढ पोराचा काय भरवसा? ऐन वेळी बरोबर उत्तर देऊन मोकळं होतं, आणि आमचे गुण जातात. ह्या पट्ट्यासुद्धा हिनंच कापल्यात.”

“कधीपासून चाललंय हे?”

“मागच्या तुकडीनंच सांगून ठेवलं होतं आम्हाला.”

बाईंना राग आला, पण तो मास्तरणीवर काढायला त्यांना तोंड नव्हतं. मागच्या वर्षीच्या पाठांनाही त्यांनी असेच डोळे टिपले होते. त्यांना स्वतःची किळस आली.

“ऐकलंत ना?” त्या बारकीच्या आईला म्हणाल्या. “तिला सगळं येतं. ती मुद्दाम चुकते.”

“मुद्दाम कोण चुकतं हो?” आई म्हणाली. “माझं मन राखायला बोलताय तुम्ही दोघी.”

“थांबा. तुमच्यासमोरच विचारते. बारके, इकडे ये.”

बारकी उड्या मारत आली. आईला बघून तिनं फ्रॉक नीट केला. बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. एवढं एक उत्तर बरोबर आलं की पोरीची शाळा वाचणार होती.

“सांग बरं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? घाबरू नकोस, बाळा.”

मास्तरणीनं तोंडावर हात ठेवला. आपण काय बोलून बसलो ते बाईंना त्यानंतर उमगलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

बारकीनं हात सोडवून घेतला आणि बोट हनुवटीला लावलं. “एक चतुर्थांश. कारण तिनापेक्षा चार मोठे.”

“नाही, नाही, तसं नव्हे गं! परत सांग. खरं खरं सांग!”

आपला आवाज पोचला नसेल असं बारकीला वाटलं. “एक चतुर्थांश!” ती खणखणीत म्हणाली. “कारण तिनापेक्षा चार मोठे!”

“पुरे आता, बाई,” आई म्हणाली. तिनं फडकं बादलीत पिळलं. “किती वेळा उभं करणार पोरीला?” बादली उचलून ती जिना उतरून गेली.

बारकी तशीच उभी राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत, पट्ट्या कुणी उचलल्या नाहीत. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं बाईंची बाही ओढली.

“बाई, माझं काही चुकलं का?”