डाव्या विंगेतली कुजबुज

धडधड आवरावी म्हणून मी सगळे नियम पाळतो. प्रयोगाच्या दिवशी तिखट खात नाही, सगळे संवाद एकदा मोठ्यानं म्हणतो, प्रवेशाआधी डोळे मिटून श्वास संथ करतो. तरीही माझं वाक्य ओठांवर आलं की डाव्या विंगेतून कुणीतरी ते आधीच कुजबुजतं आणि माझी लय तुटते.

दुपारचा प्रयोग संपताच मी दिग्दर्शक केदारला गाठलं. "तुझ्या प्रॉम्प्टरला आवर. मला नाटक पाठ आहे."

"आपल्याकडे प्रॉम्प्टर नाही," केदार म्हणाला. "असता, तर तुझ्याआधी मीच त्याला हाकललं असतं."

चिडूनच बिबवेवाडीला घरी आलो. माझ्या बायकोनं, तनयानं चहा केला आणि ती समोर बसली.

"कसा झाला प्रयोग?"

"कसला होतोय. आजही ती कुजबुज होतीच."

तनया काहीतरी बोलायला गेली आणि अडली, ऐनवेळी संवाद विसरलेल्या नटीसारखी. तिची नजर माझ्या डावीकडे, दाराच्या पडद्याकडे गेली.

पडद्यामागून तोच आवाज हलकेच म्हणाला, "चहा घे, निवतोय."

तनयाचा चेहरा सैलावला. ती माझ्याकडे वळून हसली.

"चहा घे," ती म्हणाली, "निवतोय."