पाच डिस्कची खंडेनवमी

बसवकल्याणच्या एका कॉलेजात नऊशे पोरांचे मार्क सर्व्हरच्या पाच डिस्कवर वाटून ठेवलेले होते. एक डिस्क मेली तर उरलेल्या चार तिचं निभावून नेतात, पण दोन एकदम गेल्या की पाचही दगड. हे तिथला कंत्राटी ऑपरेटर अमरदीप आठ वर्षं घसा फोडून सांगत होता.

खंडेनवमीला पीएच.डी. झालेल्या प्राचार्य विजयेंद्ररावांनी चालू सर्व्हरमधून पाचही डिस्क उपसायला घेतल्या. पाटावर मांडून कुंकू लावायचं होतं.

"सर, निदान मशीन बंद तरी करू द्या. न्हाईतर समदे मार्क जातील!"

"कुंकू लावल्यानं मरतंय व्हय रे काही? तू मधी कामून बोलायलास? तुमच्यात हे चालत न्हाई, ठाऊक हाय मला. जा, पूजा होईस्तोवर बाहेर थांब."

अमरदीप दाराबाहेर उभा राहिला. आत आरती झाली, कोहळा फुटला, फोटो निघाले, आणि सर्व्हर कायमचा मेला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलं. कारण एका ओळीचं होतं.



"सर्व्हर बंद पडला त्या वेळी ऑपरेटर जागेवर हजर नव्हता."